राजाचे आजारपण आणि आपली घाई: सोलापूरच्या संपादकांना आणि ग्रुप ॲडमिनना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील वृत्तपत्रांचे, बातम्यांच्या पोर्टलचे व यूट्यूब वाहिन्यांचे संपादक, तसेच येथील व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन यांस

विषय: वयोवृद्ध राज्यकर्त्यांच्या आणि नामवंतांच्या गंभीर आजारपणाच्या बातम्यांबाबत

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या निधनाची अधिकृत घोषणा झाली तेव्हा आपल्याकडे 8 सप्टेंबर 2022 च्या रात्रीचे अकरा वाजत आले होते. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, त्यामुळे मिरवणुकीची तयारी आणि लेझमाचा शेवटचा सराव यांत शहर जागेच होते. राणींना श्रद्धांजली वाहणारे फलक मात्र माझ्या पाहण्यातल्या काही ग्रुपवर त्याच्या कितीतरी आधी, संध्याकाळी सहा-साडेसहापासूनच फिरू लागले होते. पुढे स्कॉटलंडमध्ये त्यांच्या मृत्यूचा दाखला प्रसिद्ध झाला. त्यावर वेळ दुपारी 3 वाजून 10 मिनिटे अशी आहे, म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळचे 7 वाजून 40 मिनिटे. फुलांच्या चौकटीत त्यांचा फोटो बसवून आपली माणसे तो पुढे पाठवत होती तेव्हा त्या जिवंत होत्या.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीचा बराचसा काळ याच शहरात, आणि त्यातला मोठा भाग अतिदक्षता विभागात गेला. शेवटच्या काही तासांत माणसाच्या खाटेभोवती काय चालते हे मी जवळून पाहिले आहे, आणि त्याच वेळी दाराबाहेर, जिन्यात, चहाच्या टपरीवर आणि आता फोनवर काय चालते हेही पाहिले आहे. इंग्लंडचे राजे चार्ल्स यांच्या आजाराविषयीचे, कुणी कुठून काढलेले संदेश अजूनही आपल्या ग्रुपवर अधूनमधून येतात, आणि दर वेळी त्याखाली कुणी हात जोडतो, कुणी जुना राग काढतो, कुणी आता पुढे कोण याची चर्चा सुरू करतो. अशा वेळी आपण काय छापावे, काय थांबवावे आणि कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा याविषयी मला आपणाशी बोलायचे आहे.

त्या दिवशी राजवाड्याचे पहिले निवेदन आपल्या वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या सुमारास आले. डॉक्टरांना राणींच्या प्रकृतीची काळजी वाटत असून त्यांनी वैद्यकीय देखरेखीखाली राहावे असे सुचवले आहे, त्या स्कॉटलंडमधील आपल्या बाल्मोरल वाड्यातच आहेत आणि त्यांना आराम आहे, एवढाच त्याचा आशय होता. रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही अशा वाक्यांतून बरेच काही कळते. शहाण्णव वर्षांच्या बाईंना रुग्णालयात हलवत नाहीत, घरीच ठेवतात, मुलांना बोलावून घेतात आणि त्यांना त्रास होत नाही एवढेच आवर्जून सांगतात, याचा अर्थ उपचारांचा रोख आता आजार हटवण्यावर राहिलेला नाही, वेदना कमी ठेवण्यावर आला आहे. म्हणजे निवेदनात पुरेसे सांगितले होते, आणि त्यापलीकडचे ज्या घरात घडत होते त्या घराचे होते. दाखल्यावर मृत्यूचे कारण फक्त ‘वार्धक्य’ असे लिहिले आहे. आपल्याकडे एवढ्या कारणावर कोणाचे समाधान होत नाही, काहीतरी दडवले असणार असे लोकांना वाटत राहते. पण माणसाचे शरीर खरोखरच थकून थांबते, आणि एखाद्या डॉक्टरने ते तितक्याच साध्या शब्दात लिहावे याचे मला समाधान वाटले.

त्याच्या दोनच दिवस आधी, 6 सप्टेंबरला, राणींनी लिझ ट्रस यांची पंतप्रधानपदी नेमणूक केली होती आणि त्या भेटीचे छायाचित्र जगभर गेले होते. त्यात त्यांच्या हाताची मागची बाजू काळीनिळी दिसत होती. लोकांनी तो हात मोठा करून, त्यावर लाल वर्तुळ काढून पाठवला आणि आपापली निदाने जोडली. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, सलाइनची सुई काढल्यावर किंवा नुसता खाटेच्या कठड्याचा धक्का लागला तरी तेथे रक्त साकळते आणि आठवडाभर डाग जात नाही. राणींच्या हाताला काय झाले होते हे राजवाड्याने सांगितले नाही, आणि ते सांगण्याची काही गरजही नव्हती. नव्या पंतप्रधानांची नेमणूक ही बातमी होती, आणि ती करण्यासाठी त्या स्वतःच्या पायांवर उभ्या होत्या हेही सांगण्याजोगे होते. आपण पाहत राहिलो तो डाग.

त्या दुपारी राजघराण्यातील मंडळींना घेऊन बाल्मोरलजवळच्या ॲबर्डीन शहराकडे निघालेले विमान लाखो लोक आपापल्या पडद्यावर पाहत होते. ते विमान उतरले तेव्हा राणी गेलेल्या होत्या, पण पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. नातू हॅरी वेगळ्या विमानाने निघाले होते. त्यांनी पुढे लिहिले आहे की विमान खाली येत असताना त्यांनी फोनवर बातम्यांचे पान उघडले आणि तेथे त्यांना आजी गेल्याचे समजले. एवढा मोठा लवाजमा असलेल्या घराण्यातसुद्धा नातवाला आजीचा मृत्यू बातमीतून कळू शकतो, तर आपल्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईच्या किंवा गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरात काय होत असेल याचा विचार आपण करावा. माझ्या ओळखीतील एक वयस्कर कामगार कार्यकर्ते अतिदक्षता विभागात असताना त्यांच्या नावाचा श्रद्धांजलीचा फलक रात्री कुणीतरी टाकला आणि तासाभरात तो मराठीतून तेलुगूत आणि तेलुगूतून कन्नडमध्ये पोहोचला. त्यांची मुलगी पुण्याहून एसटीने निघाली होती, तिने तो वाटेत वाचला आणि उरलेला प्रवास वडील गेले असे समजून केला. ते त्या आजारातून उठले, घरी आले. तो फलक टाकणाऱ्याने चूक झाली असे ग्रुपवर एका ओळीत तरी लिहावे, ही त्या मुलीची एकच अपेक्षा होती आणि ती पुरी झाली नाही.

संपादकांना उद्देशून मला एक जुनी घटना सांगायची आहे, कारण ती मरणाची वेळ आणि छपाईची वेळ यांच्याविषयी आहे. 20 जानेवारी 1936 च्या रात्री राजे पाचवे जॉर्ज अखेरच्या घटका मोजत होते आणि त्यांचे डॉक्टर लॉर्ड डॉसन यांनी काढलेले, राजांचे आयुष्य शांतपणे अखेरीकडे सरकत आहे असे सांगणारे पत्रक रेडिओवरून वाचले जात होते. राजे मध्यरात्रीच्या पाच मिनिटे आधी गेले. पन्नास वर्षांनी, 1986 मध्ये, डॉसन यांची टिपणे प्रसिद्ध झाली आणि त्यांतून उघड झाले की त्यांनी रात्री अकराच्या सुमारास राजांना मॉर्फिन आणि कोकेन यांची इंजेक्शने देऊन मृत्यू लवकर घडवून आणला होता. राजांच्या यातना लांबू नयेत हे एक कारण त्यांनी लिहिले आहे. दुसरे असे, की बातमी सकाळच्या प्रतिष्ठित पत्रात प्रथम यावी, दुपारच्या कमी दर्जाच्या पत्रांत येऊ नये. लंडनमधील आपल्या पत्नीकडून त्यांनी ‘द टाइम्स’ला छपाई थांबवून ठेवण्याची सूचनाही पोहोचवली होती. मी परिचारिका म्हणून हे वाचले तेव्हा माझ्या हाताला कंप सुटला होता. बातमीची घाई खाटेपर्यंत पोहोचली की काय होऊ शकते याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही, आणि तो एका सम्राटाच्या खाटेवरचा आहे.

हे पाचवे जॉर्ज म्हणजे कोण, हे सोलापूरकरांना निराळे सांगायला नको. त्यांच्याच राजवटीत मे 1930 मध्ये या शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि त्यांच्याच नावाने चाललेल्या न्यायाने मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर चढवले. कुर्बान हुसेन स्वतः पत्रकार होते, ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत होते, म्हणजे आपल्याच व्यवसायातले होते. त्यामुळे राणी आजारी असल्याची बातमी आली तेव्हा, आम्हाला तिच्याविषयी कळवळा कशासाठी वाटावा, असे ज्यांनी लिहिले त्यांच्यावर मी उखडणार नाही. भारत सरकारने 11 सप्टेंबर 2022 रोजी एक दिवसाचा दुखवटा पाळला, त्यावरही आपल्याकडे दोन्ही बाजूंनी लिहिले गेले, आणि ते लिहिलेच पाहिजे होते. 1961, 1983 आणि 1997 अशा तीन वेळा राणी भारतात आल्या. शेवटच्या भेटीत त्या जालियनवाला बागेत गेल्या, तेथे पुष्पचक्र वाहिले आणि मान लवली, पण माफी मागितली नाही. हा हिशेब उघडा आहे आणि तो उघडा ठेवण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

मात्र हिशेब मागणे आणि यातना मागणे यांत फार मोठे अंतर आहे. त्याच 8 सप्टेंबरला, घोषणा होण्यापूर्वी, अमेरिकेतील एका विद्यापीठात शिकवणाऱ्या, नायजेरियात जन्मलेल्या प्राध्यापिकेने राणींचे मरण अत्यंत वेदनादायक असो अशी इच्छा जाहीरपणे लिहिली. नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्राच्या युद्धात, ज्यात ब्रिटनने नायजेरियाच्या सरकारला साथ दिली होती, त्यांच्या घराण्याची झालेली होरपळ त्यामागे होती आणि ती होरपळ खरी होती. तरी ते वाक्य वाचताना मला ज्यांच्या खाटेशी मी उभी राहिले ती माणसे आठवली, ज्यांना श्वास घेता येत नव्हता ती माणसे. त्यांतले काही आयुष्यात वाईट वागलेले होते, हे त्यांच्या घरच्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळत असे. वेदना त्या माणसाची जुनी कृत्ये वाचून कमी-जास्त होत नाही, आणि तिने कोणाचे देणेही फिटत नाही. राणींना यातना झाल्या असत्या तर आपल्या चार हुतात्म्यांच्या बाजूला काय जमा झाले असते?

मग आजारी राजाविषयी बोलूच नये काय? तसे मी मुळीच म्हणत नाही, आणि यासाठी जपानचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सम्राट हिरोहितो 19 सप्टेंबर 1988 रोजी रक्ताची उलटी होऊन कोसळले आणि 7 जानेवारी 1989 रोजी वारले. मधल्या साडेतीन महिन्यांत त्यांच्या शरीराचे ताप, नाडी, रक्तदाब आणि दिलेले रक्त यांचे आकडे रोज देशाला सांगितले जात होते, जणू प्रत्येक घरात त्यांचा केसपेपर लावलेला होता. मूळ आजार कर्करोगाचा होता हे मात्र अधिकृतपणे मृत्यूनंतरच सांगण्यात आले. आकड्यांचा एवढा मारा आणि नेमकी गोष्ट तेवढी बंद. त्याच वेळी ‘संयम’ या नावाखाली देशभर आनंदाचे प्रसंग आटोपते घेण्याची लाट आली. शरद ऋतूतील गावोगावचे उत्सव रद्द झाले, लग्नांचे समारंभ पुढे ढकलले गेले, एका मोटारीच्या जाहिरातीत गायक काचेतून हसत ‘सगळे ठीक आहात ना?’ असे विचारत होता, त्याचा आवाज काढून टाकून नुसते हलणारे ओठ दाखवले गेले. कुठलाही कायदा झाला नव्हता, शेजारी काय म्हणतील याच धाकाने सगळे घडत होते. उत्सव रद्द झाला म्हणजे आधी कोण भरडला जातो हे आपल्याला समजायला वेळ लागत नाही. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत भांडी, खेळणी, बांगड्या विकणारे आणि पाळणे लावणारे यांचे अर्ध्या वर्षाचे गणित त्या दिवसांवर असते. तिकडेही झळ आधी ठेलेवाल्यांना आणि रोजंदारीवरच्या लोकांनाच बसली.

आणि त्या सक्तीच्या शांततेत एक माणूस बोलला. नागासाकीचे महापौर मोतोशिमा हितोशी यांना 7 डिसेंबर 1988 रोजी शहराच्या सभेत सम्राटांच्या युद्धातील जबाबदारीविषयी प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी, ती जबाबदारी सम्राटांवर आहे असे आपल्याला वाटते, असे शांतपणे उत्तर दिले. सम्राट तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. मोतोशिमा यांनी त्यांच्या मरणाची इच्छा केली नाही, त्यांच्या आजाराची टवाळी केली नाही, फक्त विचारलेल्या प्रश्नाचे खरे वाटणारे उत्तर दिले. पक्षाने दडपण आणले, धमक्या आल्या, तरी त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत आणि 18 जानेवारी 1990 रोजी त्यांच्यावर पाठीमागून गोळी झाडण्यात आली. सुदैवाने ते वाचले. या प्रकरणाशी सोलापूरचाही संबंध आहे असे मी मानते. आपल्या शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले ते याच सम्राटाच्या नावाने जपानने चीनवर लादलेल्या युद्धातील जखमींची सेवा करण्यासाठी, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच गेले. त्यांच्या शहरातल्या संपादकाने 1988 च्या त्या हिवाळ्यात हिरोहितोंच्या जबाबदारीवर अग्रलेख लिहिला असता तर तो योग्यच ठरला असता. राज्यकर्त्याने सत्तेवर असताना जे केले ते सर्वांचे आहे, तो आजारी पडला म्हणून त्यावरचा आपला हक्क संपत नाही. त्याचे अंथरूण मात्र त्याच्याजवळ बसलेल्यांचे आहे.

या घाईला राजवाडे आणि रुग्णालये स्वतःही खतपाणी घालतात, हे सांगितले नाही तर माझे म्हणणे एकांगी होईल. राणी एलिझाबेथ यांचे वडील राजे सहावे जॉर्ज यांचे डावे फुप्फुस सप्टेंबर 1951 मध्ये काढले गेले, पण लोकांना ‘रचनेतील बदल’ एवढेच सांगितले गेले, कर्करोग हा शब्द उच्चारला गेला नाही, आणि 6 फेब्रुवारी 1952 च्या सकाळी ते झोपेतच गेलेले आढळले तेव्हा देशाला धक्का बसला. थायलंडमध्ये राजे भूमिबोल वर्षानुवर्षे बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयात उपचार घेत होते. त्यांच्याविषयी मोकळे बोलणे कायद्याने जवळजवळ अशक्य होते, म्हणून ऑक्टोबर 2009 मध्ये नुसत्या अफवेने तेथील शेअर बाजार कोसळला आणि पुढे त्यासाठी लोकांना अटकही झाली. तेच राजे 13 ऑक्टोबर 2016 रोजी गेले, तोवरचे दिवस त्यांच्या आरोग्यासाठी शुभ मानलेल्या गुलाबी रंगाचे कपडे घालून हजारो माणसे नदीकाठच्या त्या रुग्णालयाच्या आवारात प्रार्थना करत बसली होती. त्या प्रेमाविषयी मला आदर आहे. पण त्या माणसांना खरी माहिती मिळण्याचा हक्क होता आणि ती त्यांना त्रोटक, उशिरा मिळत होती.

याउलट राजे चार्ल्स यांनी जानेवारी 2024 मध्ये आपल्या प्रोस्टेटची वाढ झाल्याचे आधीच सांगितले, तेव्हा त्या विषयाची माहिती देणारे इंग्लंडच्या आरोग्यसेवेचे पान पाहणाऱ्यांची संख्या एका दिवसात कित्येक पटींनी वाढली. लघवीचा त्रास लाजेखातर वर्षानुवर्षे अंगावर काढणारे पुरुष मी पाहिले आहेत, त्यामुळे त्या एका निवेदनाचे मोल मला कळते. 5 फेब्रुवारीला कर्करोगाचे निदान झाल्याचेही जाहीर झाले, प्रकार मात्र सांगितला नाही. पदाला आवश्यक तेवढे सांगायचे आणि बाकीचे रुग्णाकडे ठेवायचे, ही वाट मला योग्य वाटते. तरीही 18 मार्च 2024 रोजी त्यांच्या निधनाची खोटी बातमी रशियातून पसरली आणि मॉस्को व कीव्ह येथील ब्रिटिश दूतावासांना ती खोटी असल्याचे सांगावे लागले. म्हणून सगळा दोष राजवाड्यांच्या माथी मारूनही भागत नाही.

आणि आपण तरी कुठे वेगळे आहोत? मार्च 1979 मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईत रुग्णालयात असताना त्यांच्या निधनाची घोषणा थेट संसदेत झाली, कामकाज थांबले, दुकाने आणि शाळा बंद झाल्या. जयप्रकाशजी त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक जगले आणि 8 ऑक्टोबर 1979 रोजी गेले. 5 डिसेंबर 2016 च्या संध्याकाळी जयललिता यांचे निधन झाल्याचे काही वाहिन्यांनी सांगून टाकले, पक्षाच्या कार्यालयावरचा झेंडा खाली आला, रुग्णालयाने इन्कार केल्यावर तो परत वर चढवला गेला, आणि त्या गेल्या त्या रात्री उशिरा. नोव्हेंबर 2025 मध्ये धर्मेंद्र यांच्याबाबत तेच झाले. मुलीला आणि पत्नीला जाहीरपणे सांगावे लागले की ते हयात आहेत, आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, 24 नोव्हेंबरला, ते गेले. अशा वेळी खाटेशी बसलेल्या बाईला एका हाताने रुग्णाचा हात धरून दुसऱ्या हाताने फोनवर उत्तरे द्यावी लागतात. तिचे ते शेवटचे तास आपण तिच्याकडून काढून घेतो आणि ते तिला पुन्हा कोणी देऊ शकत नाही.

आता आपणाकडे जे मागायचे आहे ते सांगते. संपादकांनी मृत्यूलेख आधी तयार करून ठेवण्यात काहीच गैर नाही. राणींच्या निधनानंतर काय कसे करायचे याची ‘लंडन ब्रिज’ या नावाची योजना कित्येक वर्षे तयार होती आणि त्यामुळेच घोषणा झाल्यावर गोंधळ झाला नाही. माझा आग्रह एवढाच, की कुटुंबाने, अधिकृत प्रवक्त्याने किंवा रुग्णालयाने नाव घेऊन सांगितल्याशिवाय ‘निधन’ हा शब्द आपल्या पानावर वा पडद्यावर येऊ नये, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ असे पुढे लावूनही येऊ नये आणि प्रश्नचिन्ह जोडूनही येऊ नये. बातमी अर्ध्या तासाने उशिरा दिल्यामुळे सोलापुरातील कोणत्या वाचकाचे काय नुकसान झाले आहे, हे आपण स्वतःला विचारावे. अंथरुणावरच्या माणसाचा, नळ्या लावलेल्या चेहऱ्याचा, सुजलेल्या हाताचा फोटो कोणीही आणून दिला तरी तो वापरू नये. असे फोटो बहुतेक वेळा आतल्याच कोणाच्या तरी फोनमधून बाहेर पडतात, आणि हे मी माझ्या क्षेत्रातील लोकांनाही तितक्याच स्पष्टपणे सांगते. डॉक्टरांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी हे भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांत लिहिलेले आहे, आणि वॉर्डबॉयपासून सिस्टरपर्यंत सर्वांनी ते स्वतःला लागू आहे असेच मानले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आहे. तो हक्क अंथरुणाला खिळल्यावर गळून पडत नाही.

ॲडमिन मंडळींना वाटते की आपल्या हातात काही नाही, लोक टाकतात आणि आपण पाहतो. तसे नाही. फक्त ॲडमिननेच संदेश टाकावेत अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे, ती अशा संध्याकाळी दोन तासांसाठी वापरता येते. कोणीही टाकलेला संदेश सर्वांच्या फोनवरून काढून टाकण्याचा अधिकारही ॲडमिनला आहे. काढला तर का काढला हे एका ओळीत लिहावे, म्हणजे रागावणाऱ्यालाही उत्तर मिळते. आणि चुकीची बातमी गेलीच, तर ज्या ग्रुपवर ती गेली त्याच ग्रुपवर, तिच्याइतक्याच ठळकपणे दुरुस्ती यावी. टीका करणाऱ्याला, इतिहास काढणाऱ्याला, दुखवटा पाळणार नाही असे म्हणणाऱ्याला आपण थांबवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. थांबवायचे ते मरणाची तारीख वर्तवणारे, आजाराची चेष्टा करणारे आणि यातना मागणारे संदेश.

आपले शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत बोलते, आणि अफवाही चारही भाषांतून पळते. त्यामुळे नियम एकाच भाषेत लावून उपयोग नाही. माझ्याबरोबर नोकरी केलेल्या काही निवृत्त परिचारिका या चारही भाषा जाणतात. वर लिहिलेल्या सूचना प्रत्येक भाषेत एका पानात बसतील अशा करून देण्याची आमची तयारी आहे. आपल्यापैकी जे संपादक त्या आपल्या अंकात छापतील आणि जे ॲडमिन त्या आपल्या ग्रुपच्या माहितीत कायम लावून ठेवतील, त्यांनी हे पत्र जेथे वाचले तेथेच तसे कळवावे. गणेशोत्सवाच्या आधी हा मजकूर आम्ही आपल्या हाती देऊ.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
सोलापूर